बाळसे की आजार?

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मूल गुबगुबीत दिसले की आपण म्हणतो, "बाळसेदार आहे, खात्यापित्या घरचे आहे." ज्या पिढीने 1972 च्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढले, तिला असे वाटणे साहजिकच आहे. परंतु प्रत्येक गुबगुबीतपणा म्हणजे आरोग्य नव्हे.

माझ्या वर्गातील एका जाड मुलाच्या मानेवर काळपट पट्टा होता. मुले त्याला 'मळका' म्हणत. आई रोज मान घाशी. मीही त्याला स्वच्छतेवरून बोललो, याची आज लाज वाटते. तो मळ नव्हताच. अशा मुलांत ती बहुधा शरीरात इन्शुलिन वाढल्याची खूण असते. डॉक्टरांनी तपासले, तेव्हा रक्तात चरबी वाढलेली आणि यकृतावरही चरबी साठलेली निघाली. वय अवघे बारा वर्षे!

हे कसे घडते? गरजेपेक्षा जास्त साखर पोटात गेली की यकृत तिची चरबी बनविते. काही तेथेच साठते, काही रक्तात उतरते. दुखत काहीच नाही. म्हणूनच धोका अधिक. पुढे यकृताला सूज येऊन ते कठीण होऊ शकते. दारूला न शिवणाऱ्या घरातही हा आजार होतो.

हे केवळ शहरी श्रीमंतांचे दुखणे नव्हे. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 5 ते 9 वर्षांच्या शंभर मुलांपैकी 34 जणांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड ही चरबी जास्त आढळली. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर दाखवून दिले की, आपली बाळे वजनाने कमी असूनही अंगात चरबी राखून जन्मतात.

मग उपाय काय? 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात आजारी मुलांच्या आहारातील वरची साखर जवळजवळ बंद केली. आठ आठवड्यांत यकृतातील चरबी 25 टक्क्यांवरून 17 वर आली. आपल्याकडे तर ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी घरातच आहे. बाटलीबंद थंड पेये, पुडीतले कुरकुरीत पदार्थ आणि चहाबरोबरची बिस्किटे तेवढी दूर ठेवा. ईदचा शीरखुर्मा मुलांना जरूर द्या. पण रोजच ईद करू नका. आणि रोज तासभर मैदानावर पळू द्या.

मात्र मुलाला उपाशी ठेवू नका, टोमणे मारू नका. वाढत्या वयाला अन्न हवेच. वजन फार वाढले असेल, मान काळवंडली असेल, तर डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या. मनाने औषध देऊ नका.

पालकहो, त्या मुलाच्या आईने मान घासणे थांबविले आणि घरभर आहार बदलला. एकट्या मुलाचे ताट वेगळे केले नाही. तो आता खेळाच्या तासाला मागे राहत नाही. आपणही आज घरी गेल्यावर मुलाच्या ताटाकडे एकदा नीट पाहावे, एवढीच विनंती.