अध्यक्षीय भाषण : मोल्डिंग मशीनभोवतीची यंत्रे

इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीनमध्ये दाणा वितळतो, साच्यात भरतो आणि घट्ट होऊन बाहेर पडतो. पण दाणा आत जाताना कोरडा होता का, त्यात रंग किती पडला, साच्यातली उष्णता किती वेगाने निघाली, हे मशीनच्या हातात नसते. ते ड्रायर, लोडर, डोसिंग युनिट, चिलर आणि ग्राइंडर यांच्यावर अवलंबून असते. खरेदीत मात्र ही यंत्रे सर्वांत शेवटी येतात. मशीनच्या टनेजवर खूप घासाघीस होते आणि उरल्यासुरल्या पैशांत ड्रायर बसवला जातो. हिशेब उलट्या बाजूने मांडायला हवा. दाणा कोणता, तासाला किती किलो आणि कारखाना कोणत्या हवेत, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली की निम्मी निवड तिथेच होऊन जाते.

सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो सुकवणीत. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन पाणी शोषत नाहीत. त्यांच्या पृष्ठभागावरचा दमटपणा साध्या गरम हवेच्या हॉपर ड्रायरने जातो. (काळा मास्टरबॅच, म्हणजे रंगाचा दाणा, याला अपवाद आहे, कारण त्यातला कार्बन ब्लॅक ओल धरतो.) नायलॉन, पॉलिकार्बोनेट, पीईटी, एबीएस हे दाणे मात्र हवेतले पाणी आत ओढून घेतात. पॉलिकार्बोनेटमधला ओलावा 0.02 टक्क्यांच्या खाली आणावा लागतो, त्यासाठी 120 अंश सेल्सिअसला तीन ते चार तास लागतात. पीईटीची अट त्याहून कडक, 0.005 टक्के. या दोन्हींचा ओला दाणा वितळला की पाणी रेणूंच्या साखळ्या तोडते. वस्तूवर चंदेरी रेघा उमटल्या तर दोष निदान दिसतो. पण रेघा नसतानाही पॉलिकार्बोनेटची ताकद गेलेली असू शकते, आणि असा माल तपासणीतून सुटून ग्राहकाच्या हातात तडकतो. नायलॉनची परीक्षा त्या मानाने सोपी आहे. नोझलमधून बाहेर सोडलेला ओला नायलॉन फुसफुसतो आणि फेसाळतो.

पावसाळ्यात वसई, पालघर, भिवंडी या पट्ट्यात एक तक्रार ठरलेली असते: हिवाळ्यात नीट चालणारा ड्रायर जुलैत चालत नाही. ड्रायर बिघडलेला नसतो. साधा ड्रायर बाहेरचीच हवा गरम करून आत सोडतो. जुलैत त्या हवेचा दवबिंदू 25 ते 27 अंशांच्या आसपास असतो, म्हणजे एका घनमीटरमध्ये सुमारे 25 ग्रॅम पाणी. हवा तापवल्याने त्यातला एक थेंबही कमी होत नाही. नायलॉन 80 अंशांच्या वर फार तापवता येत नाही, तो पिवळा पडतो. अशा हवेत तो कितीही तास ठेवला तरी एका मर्यादेखाली सुकत नाही. इथे डीह्युमिडिफाइंग ड्रायरच लागतो. त्यातला मॉलिक्युलर सीव्ह हवेतले पाणी शोषून घेतो आणि दवबिंदू उणे 40 अंशांपर्यंत उतरतो. मग त्याच घनमीटरमध्ये पाव ग्रॅमही पाणी उरत नाही.

हॉपरचा आकार गुणाकाराने निघतो. तासाला 25 किलो पॉलिकार्बोनेट आणि चार तासांची सुकवणी, म्हणजे 100 किलो दाणा कायम हॉपरमध्ये हवा. दाण्याची ढीगघनता लिटरला सुमारे 0.65 किलो धरली तर हॉपर 150 लिटरच्या वर जातो. ‘मोठा घेतला की बरा’ हाही गैरसमजच. छोट्या मशीनवर मोठा हॉपर बसवला तर नायलॉन दोन-दोन दिवस आत तापत राहतो. देखभालीत दोनच गोष्टींकडे लक्ष हवे. परतीच्या हवेचा फिल्टर तुंबला की हवेचा प्रवाह घटतो. ती हवा साधारण 65 अंशांहून गरम असताना शोषकावर आली तर शोषक पाणी पकडत नाही, म्हणून मध्ये कूलर असतो. त्याचे पाणी बंद असले, तरी तापमानाच्या आकड्यावर सगळे आलबेलच दिसते. दवबिंदू मोजणारा मीटर म्हणूनच हवा.

दाणा मशीनवर चढवणाऱ्या लोडरबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. सुकवलेला दाणा मशीनवरच्या उघड्या हॉपरमध्ये तासभर पडून राहिला तर सुकवणी फुकट जाते. वरचा हॉपर लहान आणि झाकलेला हवा. डोसिंगमध्ये आकारमानाने मोजणारे युनिट स्वस्त असते, पण दाण्याचा आकार बदलला की त्याचे माप चुकते. दोन टक्क्यांऐवजी अडीच टक्के मास्टरबॅच पडला तर टनामागे पाच किलो रंग जास्त जातो. महाग रंग रोज वापरणाऱ्याने वजनाने मोजणारे युनिट घेतलेले परवडते.

थंडाव्याचाही हिशेब किलोवरच होतो. वितळलेले पॉलिप्रॉपिलीन साच्यात थंड होताना किलोमागे सुमारे 140 ते 150 किलोकॅलरी सोडते. तासाला 40 किलो माल म्हणजे 6000 किलोकॅलरीपर्यंत. चिलरचा एक टन तासाला 3024 किलोकॅलरींचा, म्हणून दोन टन आणि वर थोडी जास्तीची क्षमता. मशीनच्या हायड्रॉलिक तेलाची उष्णता चिलरवर टाकणे म्हणजे वीज उधळणे. ते काम कूलिंग टॉवरचे आहे. चिलरचे पाणी 10 अंशांवर ठेवण्याची हौस पावसाळ्यात अंगाशी येते. हवेचा दवबिंदू 25 असताना साचा घामेजतो, वस्तूवर डाग पडतात आणि पोलाद गंजते. बोअरवेलच्या जड पाण्याने साच्याच्या वाहिन्यांत क्षार बसतात, मग चिलर कितीही मोठा असला तरी सायकल टाइम वाढतच जातो. पॉलिकार्बोनेटला तर साचा 80 ते 100 अंश तापलेला लागतो. तिथे मोल्ड टेंपरेचर कंट्रोलर घ्यावा, 90 अंशांपर्यंत साधा पाण्याचा, त्यावर दाबाखालच्या पाण्याचा किंवा तेलाचा.

ग्राइंडर मशीनशेजारचा, कमी फेऱ्यांचा घ्यावा. रनर, म्हणजे साच्याच्या वाहिनीत घट्ट झालेला टाकाऊ भाग, निघाला की लगेच भरडला तर तो धूळ आणि ओल दोन्ही धरत नाही. ढिगात चार दिवस पडलेला नायलॉनचा रनर पुन्हा सुकवल्याशिवाय वापरता येत नाही. पात्यांची धार गेली की भुकटी वाढते. ती आधी वितळते, जळते आणि पांढऱ्या वस्तूत काळे ठिपके सोडते. हॉपरच्या तळाशी चुंबकाची जाळीही हवीच, पात्याचा तुटका कपचा स्क्रूपर्यंत पोचला तर नुकसान जाळीच्या किमतीच्या कैकपट होते. विजेच्या उपकरणांच्या भागांसाठी यूएल या सुरक्षा-प्रमाणन संस्थेच्या नियमांत भरडीची (भरडलेल्या रनरची) नेहमीची मर्यादा वजनाने 25 टक्के आहे. हे प्रमाण ऑपरेटरच्या घमेल्यावर न सोडता डोसिंग युनिटवर बांधून घ्यावे.