जहाजावर हुकूम कोणाचा?

संशोधकांना घेऊन जहाज निघालें, म्हणजे त्यावर दोन प्रमुख असतात. एक जहाजाचा, दुसरा संशोधनाचा. कोणाचा अधिकार कोठवर, हें निघण्यापूर्वींच ठरलें पाहिजे. १९६४ सालची ईस्टर बेटाची मोहीम याचें बोलकें उदाहरण होय.

चिलीच्या अमलाखालील हें बेट मुख्य भूमीपासून सुमारें ३,५०० किलोमीटर दूर पॅसिफिक महासागरांत आहे. तेथें विमानतळ व्हावयाचा होता. तत्पूर्वीं तेथील सुमारें एक हजार रहिवाश्यांची प्रकृति तपासावी, व पुढें पुन्हां तपासून फरक पाहावा, अशी मॅकगिल विद्यापीठाच्या डॉ. स्टॅनले स्कोरिना यांची कल्पना होती. कॅनडाच्या नौदलानें 'केप स्कॉट' हें जहाज दिलें; कप्तान होते अँथनी लॉ.

समुद्रावर शेवटचा शब्द कप्तानाचा. मार्ग, वेळ, होड्या केव्हां सोडावयाच्या, हें तोच ठरवितो. कारण माणसें बुडालीं तर जाब त्यालाच द्यावा लागतो. कोणास तपासावें, रक्ताचे नमुने कसे राखावे, हा मात्र वैद्यांचा प्रांत. खरी कसोटी सीमेवर लागते. ईस्टर बेटाला सुरक्षित बंदर नाहीं. जहाज दूर नांगरून सामान होड्यांनीं न्यावें लागे. अशा ठिकाणीं वैद्याला यंत्र आजच हवें असलें, तरी लाटा पाहून कप्तानानें नकार दिल्यास तो मानलाच पाहिजे. परंतु काम केव्हां होईल, हें सांगणें कप्तानाचेंहि कर्तव्य आहे.

पथकाला उतरवून जहाज निघून गेलें, आणि कप्तानाचा हुकूम तेथेंच संपला. त्याच सुमारास शिक्षक अल्फोन्सो रापू यांच्या नेतृत्वाखालीं रहिवाश्यांनीं चिलीच्या प्रशासनाविरुद्ध आवाज उठविला; चिलीचे नौसैनिक दाखल झाले. आतां पथकाच्या सुरक्षिततेचा भार स्कोरिना यांच्यावर, आणि बेटावरील सत्ता चिलीची!

१९६५ सालच्या फेब्रुवारींत जहाज परतलें व पथकाला घेऊन मार्चमध्यें कॅनडास पोहोंचलें. मोहिमेंत गोळा केलेल्या मातींतून पुढें रापामायसिन हें औषध निघालें. माँट्रियल येथें त्याचा पाठपुरावा करणाऱ्यांत सुरेंद्रनाथ सहगल हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ प्रमुख होते. रोपण केलेलें मूत्रपिंड शरीरानें नाकारूं नये, म्हणून तें दिलें जातें.

परंतु तपासणीचा एकत्रित अहवाल प्रसिद्ध झाला नाहीं, आणि ठरलेली दुसरी तपासणीहि झाली नाहीं. जहाज सुखरूप आणण्याची जबाबदारी एका माणसाच्या नांवावर होती, म्हणून ती पार पडली. ज्या लोकांनीं आपलें रक्त दिलें, त्यांना निष्कर्ष पोहोंचविण्याची जबाबदारीहि तितक्याच स्पष्टपणें कोणाच्या तरी नांवावर असावयास हवी होती.