पाठिंबा कोणाचा, आणि कशाच्या बळावर?

(मुरगूड येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



निवडणूक तोंडावर नसता आम्ही उमेदवारांच्या पाठिंब्याविषयी बोलावयास उभे राहिलो, याचे काही मंडळींस नवल वाटले असेल. पण वैरणीची बेगमी पावसाआधीच करावी लागते. एकदा कर्णे वाजू लागले म्हणजे कोणी कोणाचे ऐकत नाही.

पहिली गोष्ट तुमच्याच गावची. सदाशिवराव मंडलिकांचे राजकारण याच मुरगुडातून उभे राहिले. १९९८, १९९९ व २००४ असे तीन वेळा ते कोल्हापुरातून लोकसभेवर गेले. २००९ साली राष्ट्रवादी काँग्रेसने त्यांची उमेदवारी काढून संभाजीराजे छत्रपतींस दिली. पक्ष एका बाजूस, गादीविषयीचा आदर त्याच बाजूस. मंडलिक अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. वरून आलेला पाठिंबा खालच्या माणसाने परत पाठविला, तो असा.

पुढे काय झाले तेही आठवा. २०१४ साली त्यांचे चिरंजीव संजय मंडलिक शिवसेनेकडून उभे राहिले व राष्ट्रवादीच्या धनंजय महाडिकांपुढे पडले. २०१९ साली पुन्हा हीच जोडी समोरासमोर आली. काँग्रेस आणि राष्ट्रवादीची आघाडी होती, म्हणजे काँग्रेसवाल्यांनी महाडिकांचे काम करावयाचे. पण काँग्रेसच्या सतेज पाटलांनी 'आमचं ठरलंय' म्हणून जिल्हाभर घोष केला व वजन मंडलिकांच्या पारड्यात टाकले. मंडलिक अडीच लाखांहून अधिक मतांनी आले. २०२४ साली तेच सतेज पाटील काँग्रेसच्या शाहू छत्रपतींच्या मागे उभे राहिले, महाडिक मंडलिकांच्या बाजूस गेले, आणि २००९ साली थोरल्या मंडलिकांच्या विरोधात असलेले हसन मुश्रीफ धाकट्या मंडलिकांसाठी मते मागू लागले. निवडून आले शाहू छत्रपती.

आम्ही यांतल्या कोणास दूषण देत नाही. राजकारणात माणसे जागा बदलतात. पण 'आमचं ठरलंय' हे ऐकून आम्हांस विचारावेसे वाटले, कीं हे 'आमचं' म्हणजे कोणाचे? ठरले कोठे, कोणाच्या ओसरीवर? नेते पाच वर्षांत ताट बदलून जेवावयास बसतात, आणि आपल्या गल्लीत त्यांच्यापायी सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नास जात नाहीत!

पाठिंबा ही वाईट चीज नव्हे. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराज गेले व त्यांनी अस्पृश्य बांधवांस सांगितले, कीं डॉ. आंबेडकरांच्या रूपाने तुम्हांस तुमचा पुढारी मिळाला आहे. हा पाठिंबाच होता. पण त्यात महाराजांस काय मिळावयाचे होते? मत नाही, ठेका नाही, खुर्ची तर घरचीच. त्यांनी कारण उघड सांगितले: हा तुमच्यातला आहे, विद्वान आहे, तुमचे दुःख जाणतो. त्यावर कोणासही वाद घालता आला असता. कारण सांगून दिलेला पाठिंबा म्हणजे सल्ला. कारण न सांगता दिलेला पाठिंबा हा हुकूम असतो, मग त्याचे नाव काहीही ठेवा.

आणि हुकूम चालतो का? तर देणाऱ्याच्या हातात आपला कासरा असतो म्हणून. उसाची नोंद, तोडणीची पाळी, सेवा सोसायटीचे पीककर्ज, दुधाचे संकलन, पोराची नोकरी. ज्या हातात या किल्ल्या, तोच हात निवडणुकीत बोट दाखवितो. लोहार-सुतारांस वाटेल, आमचा ऊस नाही, आम्हांस काय भीती? पण ज्याच्या ट्रॉलीचे पाटे तुम्ही ठोकता त्याचे बिल अडकले, तर तुमची मजुरी कोठून येणार?

आम्ही स्वतःही एकदा फसलो, हे कबूल करतो. एका पुढाऱ्याच्या शब्दावर आम्ही एका गावात घरोघर फिरलो. एका वस्तीने ऐकले नाही. त्या हंगामात त्या वस्तीवर तोडणीची टोळी सगळ्यांच्या मागून आली. ऊस तुरे येऊन वाळला. कोणी लेखी काही दिले नव्हते, म्हणून आम्हांस सिद्ध काही करता येणार नाही. पण त्या वस्तीतल्या एका म्हातारीने आम्हांस विचारले, "बाबा, मत गुप्त असतंय म्हणाला होतास न्हवं?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधावयास लागलो तेव्हा पुढची गोष्ट कळली.

तुमचे एकट्याचे मत गुप्तच आहे. यंत्रावर कोणते बटण दाबले ते कोणास कळत नाही. पण तुमच्या वस्तीचे मत गुप्त नाही. मोजणी मतदान केंद्रावार होते, आणि 'नमुना २०' नावाच्या तक्त्यात प्रत्येक केंद्रावर कोणास किती मते पडली हे जाहीर होते. केंद्रावर मतदार हजाराच्या आसपास, म्हणजे दोन-चार गल्ल्या. कोणती गल्ली फिरली हे पुढाऱ्यास बोटावर मोजता येते. कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची सोय कायद्यात होती. यंत्रे आली आणि ही मिसळण राहून गेली. म्हणून २००८ साली निवडणूक आयोगानेच सुचविले, कीं एका यंत्राने अनेक केंद्रांची बेरीज एकदम करावी. त्या यंत्रास 'टोटलायझर' म्हणतात. २०१५ साली विधी आयोगाने ही सूचना उचलून धरली. केंद्र सरकारने मात्र ती मान्य केली नाही. केंद्रावार आकडे पक्षांस उपयोगाचे असतात, असे त्याच्या बाजूने बोलले गेले. उपयोगाचे असतात यात आम्हांस तिळमात्र शंका नाही! त्या वस्तीतल्या म्हातारीसही तो उपयोग चांगला समजला होता.

तुम्हांपैकी पुष्कळांच्या आज्यांनी पहिले मत १९५१-५२ साली दिले. त्यापूर्वी मुंबई इलाख्यात मुख्यतः ठराविक सारा वा कर भरणाऱ्यांस मत. आणि आपण तर संस्थानी प्रजा, कोल्हापूर १९४९ च्या मार्चमध्ये मुंबई राज्यात आले. इतक्या उशिरा हातात आलेली चीज मालकाच्या भीतीने दुसऱ्याच्या ओंजळीत टाकावयाची काय?

आता कोणी विचारील, मग तुमच्या पत्राचा पाठिंबा कोणास? आजपासून आम्ही नाव सांगून पाठिंबा देणार नाही. लोकसभेच्या पुढच्या निवडणुकीत उमेदवार जाहीर झाले म्हणजे प्रत्येकास दोन प्रश्न लेखी पाठवू. पहिला, मते मिसळून मोजण्याचा कायदा व्हावा म्हणून तुम्ही संसदेत बोलाल काय? दुसरा, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत दर मिळावा आणि उशीर झाल्यास शेकडा पंधराने व्याज मिळावे असे आहे. ते व्याज शेतकऱ्यास मिळवून देण्यास तुम्ही काय कराल, आणि तुम्ही स्वतः किंवा तुमच्या घरचे कोणी कारखान्यावर असल्यास तेथे ते दिले गेले काय? विधानसभेच्या वेळी सोसायटीच्या कर्जाचा तिसरा प्रश्न जोडू. आलेली उत्तरे शब्दही न बदलता छापू. ज्याचे उत्तर येणार नाही, त्याच्या नावाखालची जागा कोरी ठेवू.

यांहून चांगले प्रश्न तुम्हांजवळ असतील. विशेषतः बायाबापड्यांजवळ असतील, कारण दुधाचा हिशेब त्याच ठेवतात. ज्यांस सांगावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर पाच मिनिटे थांबावे. लिहून घ्यावयास वही आणली आहे. नाव सांगण्याची गरज नाही.