थ्रश, थ्रस्ट आणि थ्रम
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला पाच मिनिटे दिली आहेत. इंग्रजी शिकवण्यात माझा जन्म गेला, तेव्हा तीन इंग्रजी शब्दांबद्दलच बोलतो.

थ्रश हा पक्षी, म्हणजे आपला कस्तुर. पावसाळ्यात आंबोलीला पहाटे शीळकरी कस्तुर ऐकला असेल. त्याचे इंग्रजी टोपणनाव ‘शीळ घालणारा शाळकरी पोरगा’ असे आहे. (मागच्या बाकावरच्यांनी उगाच मान ताठ करू नये.) मात्र बाळाच्या तोंडात थ्रश झालाय असे डॉक्टर म्हणाले, तर तो बुरशीमुळे आलेला पांढरा थर.

थ्रस्ट म्हणजे जोराचा रेटा. दार ढकलायला पुश पुरतो. सुरी खुपसली की थ्रस्ट. अग्निबाणाचे इंजिन वायू खाली फेकते आणि अग्निबाण वर रेटला जातो, तोही थ्रस्टच.

थ्रम माझा लाडका. ड्रम बडवायचा असतो. थ्रममध्ये बडवणे नाही. टेबलावर बोटांनी नकळत धरलेला ताल, उगाच छेडलेली तार, दूरच्या इंजिनाची सलग घरघर. आणखी एक थ्रम आहे, तो आम्हा इचलकरंजीकरांना कुणी शिकवायला नको. कापड कापून घेतल्यावर मागावर उभ्या धाग्यांची टोके उरतात ना, त्या दशा! स्कॉटलंडचे लेखक जे. एम. बॅरी यांनी आपल्या विणकरांच्या गावाला, किरिमुइरला, पुस्तकांत ‘थ्रम्स’ हेच नाव दिले. १८८८ साली. मागावाल्यांची पोरे आपण. हा शब्द परका कसा म्हणायचा?

आता बघा, तिन्हींची सुरुवात एकच आहे. सगळा फरक शेवटच्या आवाजात, आणि मराठी माध्यमातली आपली मुले नेमका तोच गिळतात. ज्ञान कमी म्हणून नव्हे, भीतीने. आवाज शेवटपर्यंत पोचतच नाही. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी मुले मुलाखतीत अशी पुटपुटताना मी पाहिली आहेत, आणि फार वाईट वाटले आहे. शील आणि शीळ, पाट आणि पाठ यांत ही मुले झोपेतही गल्लत करत नाहीत. म्हणजे कान तयारच आहे!

चला, सगळे एकदा माझ्याबरोबर म्हणा. थ्रश. थ्रस्ट. थ्रम. थ्रस्टमधला ‘ट’ मला शेवटच्या रांगेतून ऐकू आला पाहिजे. सर, तुम्हीसुद्धा.