कुलाबा वेधशाळेची तासातासाची नोंद



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावणे धाडले, तेव्हा आम्ही बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी कामगारांचा प्रश्न यांपैकी एखाद्या विषयावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा असणार. आम्ही विषय कळवला तो मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचा. चालकांपैकी एकाने हसत विचारलेही, की युनियनच्या माणसाचा आणि वेधशाळेचा संबंध काय? आजचे आमचे बोलणे म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि रात्रपाळीत दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

प्रथम एक घरची गोष्ट सांगतो. बरीच वर्षे झाली. आम्ही ज्या कारखान्यात युनियनचे काम पाहत होतो, तेथे एका रात्री बॉयलरवर अपघात झाला आणि वाफेने एका मदतनिसाचे दोन्ही हात भाजले. भाजलेल्याला कायद्याने भरपाई मिळाली. पण व्यवस्थापनाने चौकशी बसवली आणि सारा दोष बॉयलर चालवणाऱ्या माणसाच्या माथी मारला. प्रेशर दोन रात्री वर चढत होते आणि तसे वरिष्ठांना तोंडी सांगितलेही होते, असे आमचे म्हणणे. चौकशी अधिकाऱ्याने काही न बोलता लॉगबुक आमच्यापुढे सरकवले. दर तासाला एक आकडा. सारे आकडे सारखे, एका हातचे, एका शाईचे. प्रेशर अगदी जेवढे असावे तेवढेच!

ते आकडे आमच्याच माणसाने भरलेले होते. पाळी सुरू झाली की आठही तासांचे रकाने भरून मोकळे व्हायचे, अशी तेथली रीतच होती. साहेबांना ती ठाऊक होती आणि, खरे सांगायचे तर, आम्हालाही ठाऊक होती. पगारवाढीसाठी आम्ही गेटवर शंभर सभा घेतल्या असतील. पण त्या रकान्यांविषयी एक अक्षर कधी उच्चारले नव्हते. बॉयलरवरच्या माणसाची नोकरी गेली. त्याचे खरे म्हणणे त्याच्याच हातच्या खोट्या आकड्यांनी खोडून काढले. त्याची बायको आमच्याकडे येऊन म्हणाली, “भाऊ, तुम्ही एवढं भांडता, मग हे आधी का नाही सांगितलंत?” याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

या गोष्टीनंतर काही वर्षांनी वाचनालयात एका लेखात कुलाब्याची हकीकत आमच्या वाचनात आली. तेव्हापासून ती वेधशाळा आमच्या मनातून गेलेली नाही.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली. कंपनी सरकार काही धर्मादाय करायला बसले नव्हते. जहाजांना बिनचूक वेळ हवी होती, समुद्रात आपण कोठे आहोत हे कळायला हवे होते, होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते हे ठाऊक हवे होते. व्यापाराची गरज होती म्हणून पैसा निघाला. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे सुरू झाली. त्या वेळी प्रमुख होते एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक ऑर्लेबार. त्यांच्या हाताखाली दरमहा पन्नास रुपयांवर एक कोवळा मराठी मुलगा कामाला लागला होता. तो अलिबागजवळच्या नागावचा. नाव केरो लक्ष्मण छत्रे. हेच पुढे पुण्याचे प्रसिद्ध गणिती केरूनाना छत्रे, लोकमान्य टिळकांचे गुरू. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणारा हा माणूस आकडेमोडीत मुरला तो कुलाब्याला, सुमारे दहा वर्षांच्या नोकरीत.

आता वर्षभर तेथे काम चाले तरी काय, असे आपण विचाराल. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, की येथे काहीच घडत नाही. अंधाऱ्या, शांत खोलीत बारीक धाग्याला टांगलेली लोहचुंबकाची पट्टी. थोड्या अंतरावर एक छोटी दुर्बीण. ठरल्या वेळी साहाय्यकाने दुर्बिणीला डोळा लावायचा, मोजपट्टीवरचा अंक वाचायचा आणि वहीत मांडायचा. एक चुंबक दिशा दाखवी, दुसरा पृथ्वीच्या चुंबकशक्तीचा आडवा जोर दाखवी, तिसरा उभा जोर. त्यांच्या जोडीला हवेचा दाब, कोरड्या आणि ओल्या थर्मामीटरचे तापमान, वारा आणि पाऊस. एका वर्षात ८,७६० तास भरतात. तीनच उपकरणे आणि तासाला एकेकच वाचन धरले, तरी बेरीज २६,२८० वर जाते. शिवाय उन्हाने चुंबकाचा जोर कमी होतो, म्हणून प्रत्येक अंकाला तापमानाची दुरुस्ती लावायची. मग दिवसाची सरासरी, महिन्याची सरासरी, प्रत्येक तासाची निराळी सरासरी. हे सारे हातांनी, कागदावर. वर्ष संपले की कोष्टकांचा एक जाडजूड ग्रंथ छापून निघायचा आणि लगेच पुढल्या वर्षाची वही उघडलेली असायची.

ज्यांनी पाळीत काम केले आहे त्यांना या कामातले कष्ट वेगळे समजावून द्यायला नकोत. अंगमेहनत फार नाही. पण पहाटे तीन वाजता डोळ्यावर झापड येते, बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत असतो, मागच्या तासाला जो अंक होता तोच या तासाला असणार हे जवळजवळ ठाऊक असते आणि पाहणारे कोणी नसते. अशा वेळी उठावे की बसल्या जागी आकडा भरावा? आमच्या बॉयलरवरच्या माणसापुढे जो प्रश्न होता, तोच हा प्रश्न.

आता १८५९ सालाकडे येऊ. १ सप्टेंबरला इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा ज्योतिषी सूर्यावरच्या डागांचे चित्र काढत होता. डागांच्या घोळक्यात त्याला एकाएकी लख्ख प्रकाश चमकलेला दिसला आणि काही मिनिटांत तो मावळला. सूर्यावर स्फोट झाला होता, आणि तेथून सुटलेला विद्युत्भारित कणांचा लोट अवघ्या साडेसतरा-अठरा तासांत पृथ्वीवर येऊन आदळला. एरवी ध्रुवांकडे दिसणारा आकाशातला रंगीत प्रकाश त्या रात्री क्यूबासारख्या उष्ण मुलखात दिसला. अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी तर बॅटऱ्या काढून टाकल्या आणि आकाशातून तारेत उतरलेल्या विजेवरच संदेश पाठवले.

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याच्या खोलीतला चुंबक बिथरला. आडव्या जोराचा अंक झरझर खाली येऊ लागला. मुंबईत हा जोर साधारण सदतीस-अडतीस हजार नॅनोटेस्ला असतो. नॅनोटेस्ला हे चुंबकत्व मोजण्याचे बारीक माप. मोठे चुंबकी वादळ आले तर त्यात काहीशेंची घट होते. त्या सकाळी सुमारे १,६०० ची घट झाली. वेधशाळेत असा अंक कोणी पाहिलेला नव्हता. साहाय्यकाला वाटले असते की धागा सैल झाला, उपकरण बिघडले, साहेब रागावतील, मागच्या अंकाशी जुळेलसा आकडा घालून टाकू, तर त्यात नवल नव्हते. तसे झाले नाही. सुई बिथरलेली पाहून पुढल्या तासाची वाट न बघता काही काही मिनिटांनी वाचन घेतले गेले आणि जे दिसले तेच वहीत उतरले. ती वही पुढल्या वर्षी, १८६० साली, छापून निघाली.

याच वादळात इंग्लंडात क्यू येथे कागदावर आपोआप छायाचित्र उमटवणारे नवे यंत्र होते. वादळ एवढे मोठे, की यंत्राची रेघ कागदाच्या बाहेर निघून गेली. यंत्राचा कागद अपुरा पडला आणि कुलाब्याच्या माणसाचा डोळा पुरला! आम्ही यंत्राचे वैरी नाही. पुढे १८७२ पासून कुलाब्यालाही छायाचित्राची यंत्रे आली आणि साहाय्यकांच्या रात्री सुखाच्या झाल्या, हे चांगलेच झाले.

तो ग्रंथ कपाटात पडून राहिला. २००३ साली, म्हणजे १४४ वर्षांनी, ब्रूस त्सुरुतानी, आपल्याकडचे गुरुबक्ष लखिना आणि त्यांचे सहकारी यांनी त्या आकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबई ध्रुवांपासून दूर. त्यामुळे तेथल्या झगमगत्या प्रकाशाच्या विद्युतप्रवाहांचा गोंधळ येथे कमी, म्हणून हे वादळ किती मोठे होते ते ठरवायला हा आकडा मोलाचा. हा नुसता पंडिती वाद नव्हे. १९८९ च्या मार्चमध्ये याहून पुष्कळ लहान वादळाने कॅनडात क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालवली आणि साठ लाख माणसे अंधारात बसली. आज विजेची जाळी आखणाऱ्याला, उपग्रह सोडणाऱ्याला विचारावे लागते, की सूर्य रागावला तर जास्तीत जास्त किती वाईट होऊ शकेल? त्याचा हिशेब मांडताना कुलाब्याच्या त्या वहीकडे जावे लागते.

त्या वादळाला जग कॅरिंग्टनचे वादळ म्हणते. १८५९ च्या ग्रंथावर नाव आहे ते अधीक्षक लेफ्टनंट फर्ग्युसन यांचे. दोघांचाही मान आम्ही कमी लेखत नाही. पण वादळाचा विषय निघाला की दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या साहाय्यकाचे नाव कोणी घेत नाही. ताजमहालाच्या गवंड्याचे जे झाले, तेच याचे.

त्याच १८५९ साली जन्मलेले एक गृहस्थ पुढे कुलाब्याचे पहिले भारतीय प्रमुख झाले. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस. १८९६ मध्ये त्यांनी सूत्रे घेतली आणि थोड्याच वर्षांत संकट उभे राहिले. मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार होत्या. विजेचा प्रवाह जमिनीतून जाऊ लागला की चुंबक खोटे बोलणार. ट्राम तर लोकांच्या सोयीची. ती अडवून धरणे योग्य नव्हते. मूस यांनी नवी जागा शोधली ती खाडीपलीकडे अलिबागला, केरूनानांच्या नागावाशेजारी. इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला दगड पारखून घेतला, लोखंडाचा खिळा वापरला नाही, त्याजागी तांबे-पितळ. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. जुन्या आणि नव्या जागेच्या आकड्यांतला फरक नीट कळला, दोन्ही वह्या सांधल्या गेल्या आणि मगच कुलाब्याचे चुंबक थांबवले. विजेची ट्राम १९०७ च्या मे महिन्यात धावली. बदलीचा माणूस हजर होऊन त्याने काम हाती घेतल्याशिवाय आपले मशीन सोडायचे नाही, हा पाळीतला जुना नियम मूससाहेबांनी पाळला, असे आम्ही म्हणतो. १९१० साली त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी दोन भागांत प्रसिद्ध केल्या. १९७१ साली या वेधशाळांतूनच भारतीय भूचुंबकत्व संस्था उभी राहिली आणि अलिबागचे काम आजही चालू आहे.

आता आपण म्हणाल, की तात्पर्य सरळ आहे, कामगारांनी प्रामाणिक असावे. एवढे सोपे असते तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. कुलाब्याच्या साहाय्यकाने विचित्र आकडा लिहिला म्हणून सुईचा दोष त्याच्यावर आला नाही. सुई का हलली, याचे स्पष्टीकरण त्याच्याकडून कोणी लेखी मागितले नाही. आमच्या बॉयलरवरच्या माणसाने चढता आकडा लिहिला असता, तर सकाळी त्याच्या हातात मेमो पडला असता. खरा आकडा लिहिणाऱ्याला जेथे शिक्षा होते, तेथे वह्या खोट्याच भरणार, आणि मग त्या खोट्या वह्या एके दिवशी गरिबाच्याच गळ्याला लागणार. म्हणून सचोटी ही एकट्या माणसाच्या अंगी असून भागत नाही; तिला पाठराखण लागते. ही पाठराखण करणे हे युनियनचे काम आहे आणि ते आम्ही त्या वेळी केले नाही, हे येथे जाहीरपणे कबूल करतो.

पुढल्या करारात आम्ही एक कलम घालून घेतले. प्रत्येक तासाच्या आकड्याखाली सही, वहीची एक कार्बन प्रत सुरक्षा समितीकडे, आणि खऱ्या नोंदीबद्दल कोणावरही कारवाई नाही. पगारवाढ त्या करारात बेताचीच मिळाली आणि आमच्यावर टीकाही झाली. तरी आमच्या सर्व करारांत आम्हाला त्याच कलमाचा अधिक अभिमान वाटतो.

बंधुभगिनींनो, अशा वह्या आपल्याही अवतीभवती आहेत. नगरपालिकेच्या पाण्यात किती क्लोरीन घातले त्याची वही, दवाखान्यात खाटेला लावलेला तापाचा तक्ता, धरणाच्या पातळीची नोंद. त्या कोणी तरी भरतो. तो कोण, हे एकदा विचारा. त्याच्याशी दोन शब्द बोला. आकडा गैरसोयीचा निघाला तर त्याच्यावर खेकसू नका.

तालुक्याच्या कचेरीत पर्जन्यमापक असते. उद्या सकाळी साडेआठ वाजता तेथला माणूस ते उघडून पाहील. हा उन्हाळा आहे, आत थेंबही नसेल. तरी त्याने उठून जावे, पाहावे आणि वहीत शून्य लिहावे. पाहून लिहिलेले शून्य आणि न पाहता लिहिलेले शून्य कागदावर सारखेच दिसते. त्यातला फरक एकट्या लिहिणाऱ्याला ठाऊक असतो. पण एखाद्या दिवशी साऱ्या गावाचे भले-बुरे त्याच फरकावर ठरते.