बांडगुळाचे कुळ आणि आमचा कोयता



 परजीवी वनस्पतींची ही परिषद आपण बाजारहत्नूरला, सागवानाच्या मुलखात भरवलीत याचा मला फार आनंद आहे. आपला विषय इथे डोळ्यांसमोर आहे: आंब्यावर, मोहावर, सागावर.

आमच्याकडे झाडावर वाढेल ते सगळे बांडगूळ ठरते आणि त्यावर कोयता चालतो. त्यात आमरीही जाते. ती बिचारी फांदीवर नुसती बसते, झाडाचे काही घेत नाही. अमरवेल तर रताळ्याच्या कुळातली. खऱ्या बांडगुळाचे कुळ लोरँथेसी. वनस्पतिशास्त्रज्ञ जुस्यू यांनी ते 1808 मध्ये मांडले. त्यात सुमारे 75 प्रजाती आणि हजारभर जाती, बहुतेक उष्ण प्रदेशांतल्या. पूर्वी त्यांतल्या कितीतरी जाती ‘लोरँथस’ या एकाच प्रजातीत कोंबलेल्या होत्या. 1930च्या आसपास डान्सर या डच अभ्यासकाने ती गर्दी निस्तरली. आपले नेहमीचे बांडगूळ आज डेंड्रोफ्थी फॅल्काटा म्हणून ओळखले जाते. बारीक फुलांचे व्हिस्कम पूर्वी याच कुळात धरत. आता डीएनएच्या आधारे ते चंदनाच्या कुळात मोडते. बांडगूळ आणि चंदन एकाच गणातले. चंदनही शेजारच्या झाडांच्या मुळांतून पाणी आणि क्षार ओढते. एकाला आपण देवाच्या कपाळी लावतो, त्याच्या भाऊबंदाला मात्र मुळापासून उखडू पाहतो!

मी बांडगुळाची वकिली करत नाही. त्याची पाने हिरवी, अन्न ते स्वतः बनवते. पण पाणी यजमान झाडाचे. जास्त माजले की साग खंगतो, आंब्याची फांदी वाळते, आणि ते नुकसान शेतकऱ्याच्या पदरी पडते. नुसता पाला ओरबाडून उपयोग नसतो. त्याची मुळे फांदीवरून सरकत ठिकठिकाणी आत शिरतात, म्हणून फांदीच त्या जागेच्या खालून छाटावी लागते, तीही फळे पिकण्याआधी. फळे पिकली की फुलटोचा पक्षी ती खातो आणि चिकट बी दुसऱ्या फांदीला पुसून जातो. पण हाच फुलटोचा त्या फळांवर जगतो, आणि शिंजीर पक्ष्याला मध मिळतो तो या लांब नळीच्या फुलांत. सागाच्या लागवडीत छाटणी करावी. रानातले प्रत्येक बांडगूळ मात्र काढू नये, असे माझे मत आहे.

म्हणून अभ्यासकांना माझे मागणे एवढेच की, कुळांची ही ओळख शोधनिबंधांत अडकवून ठेवू नका. मराठीत, तेलुगूत, गोंडीत ती शाळेपर्यंत आणि बांधापर्यंत पोचवा. आमची मुले पाने-फुले आणून देतील, म्हातारी माणसे कोणते झाड किती वर्षांत खंगले ते सांगतील.

राहण्या-जेवणाची सोय गावाच्या ऐपतीप्रमाणे केली आहे. उणे राहिल्यास हक्काने सांगा. दुपारच्या सत्रानंतर सगळे रानात जाऊ. भिंगे आपण आणलीच असतील, वाट दाखवायला गावकरी आहेत. आता संमेलनाध्यक्षांनी परिषदेचे उद्घाटन करावे, अशी विनंती करतो.