पदराआडची सूज



स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया पार पडली, किरणोपचारही आटोपले, की आजार सरला असे घरची मंडळी मानतात. पुढे काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनीही, त्याच बाजूचा हात जड वाटू लागतो. बांगड्या रुततात, पोलक्याची बाही घट्ट होते. कामाचा शीण समजून बाई तो हात पदराआड घेते आणि मोलाचा काळ निघून जातो.

या विकारास लिम्फिडिमा म्हणतात. रक्ताप्रमाणेच शरीरात लसिका नावाचा द्रव वाहत असतो. काखेतील लसिकाग्रंथी काढाव्या लागल्या किंवा किरणांनी त्यांना इजा झाली, तर त्याची वाट अडते व तो हातात साठतो. डासांमुळे पसरणाऱ्या हत्तीरोगाशी याची गल्लत करू नये. ही सूज एकापासून दुसऱ्यास होत नाही.

आरंभी सूज मऊ असते. दाबल्यास खळगा पडतो. दुर्लक्ष झाल्यास कातडी टणक होते. हा विकार सहसा समूळ जात नाही. परंतु वेळीच उपचार झाल्यास ताब्यात राहतो. नवी सूज कर्करोग उलटल्याचीही खूण असू शकते, म्हणून तिचे कारण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

त्वचेची निगा, विशिष्ट पद्धतीचा हलका मसाज, दाबपट्टी किंवा दाब देणारी बाही आणि व्यायाम हे उपचाराचे चार आधार होत. ते प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत.

पूर्वी अशा हाताने वजन उचलूच नये, असे सांगत. २००९ साली अमेरिकेत १४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली, दाबबाही घालून, हळूहळू वाढवलेल्या वजनाच्या व्यायामाने त्यांची सूज बळावली नाही. उलट त्रास कमी झाला व ताकद वाढली. तेव्हा हाताला कायमची विश्रांती हा उपाय नव्हे.

तव्याचा चटका, विळीची जखम, कापूस वेचताना बोंडाचे टोचणे, यांतून जंतू शिरतात. म्हणून हातमोजे वापरावेत, जखम लगेच धुवावी. हात लाल व गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बंधूंनो, दाबपट्टी एका हाताने बांधणे कठीण असते. घरातील कोणीतरी ते शिकून घ्यावे. दर काही महिन्यांनी दोन्ही हातांचा घेर ठरावीक जागी मोजून वहीत लिहावा. फरक दिसताच ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. सूज लपवण्यात लाज राखली जात नाही, हात मात्र गमावला जातो.